भाषाविज्ञान घ्यावे की इंग्रजीचे अध्यापन? कोकणातल्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या वेळच्या टपालात पदव्युत्तर अभ्यासाविषयीची पत्रे जास्त आहेत, आणि त्यांतली बहुतेक भाषाविज्ञान व इंग्रजीचे अध्यापन या दोन विषयांशी निगडित आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांब पत्रे मुद्द्यापुरती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी इंग्रजी विषय घेऊन यंदा बी. ए. झाले. कविता-कादंबऱ्यांपेक्षा व्याकरण, उच्चार आणि भाषेची रचना हे भाग मला अधिक आवडले. पुढे महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्याची इच्छा आहे. एम. ए. भाषाविज्ञान करावे की एम. ए. इंग्रजी? घरचे म्हणतात, जवळपास होत असेल ते कर. — एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : तुमच्या पत्रात आवड आणि नोकरी या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण दोन्हींचे उत्तर एकच निघेल असे नाही.

नोकरीचा विचार आधी करू. महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा निघते तेव्हा जाहिरातीत विषयाचे नाव स्पष्ट लिहिलेले असते, आणि इंग्रजीच्या जागेसाठी पहिली अपेक्षा एम. ए. इंग्रजीचीच असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण अशी अट आहे. तिच्यात संबंधित विषयाबरोबर संलग्न विषयाचाही उल्लेख आहे. त्यामुळे भाषाविज्ञानाची पदवी इंग्रजीशी संलग्न मानावी असा युक्तिवाद करता येतो. मात्र तो निवड समितीपुढे उमेदवारानेच करायचा असतो, आणि समोर एम. ए. इंग्रजी असलेले दहा उमेदवार बसलेले असताना तो करणे सोपे जात नाही. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे तर एम. ए. इंग्रजीला बी. एड. ची जोड लागते. म्हणून ‘महाविद्यालयात इंग्रजी शिकवणे’ हेच तुमचे पक्के उद्दिष्ट असेल, तर एम. ए. इंग्रजी करावे आणि त्यात भाषाविज्ञान व भाषाध्यापन यांच्या जितक्या अभ्यासपत्रिका निवडता येतील तितक्या निवडाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाकडून पर्यायी विषयांची यादी मागून घ्या आणि त्यांतले कोणते विषय यंदा खरोखर शिकवले जाणार आहेत तेही विचारा. कागदावर पाच पर्याय असतात आणि शिक्षक मिळतो तो एकाच पर्यायाचा, हा अनुभव अनेक विद्यार्थी सांगतात.

आता आवडीकडे वळू. भाषाविज्ञानाच्या एम. ए. मध्ये इंग्रजी हा अभ्यासाचा विषय नसतो. ‘मानवी भाषा’ हा विषय असतो. पहिल्या वर्षी स्वनविज्ञान (ध्वनींचे उच्चारण), स्वनिमविचार (भाषेतली ध्वनींची व्यवस्था), रूपविचार (शब्दांची घडण), वाक्यविचार आणि अर्थविचार हा पाया घातला जातो, आणि पुढे समाजभाषाविज्ञान, ऐतिहासिक भाषाविज्ञान, संगणकीय भाषाविज्ञान अशा शाखा उघडतात. वर्गात कधी तुळूची, कधी कातकरीची, कधी तुम्ही नावही न ऐकलेल्या आफ्रिकी भाषेची वीस वाक्ये फळ्यावर येतात आणि त्यांतून नियम शोधायचा असतो. ज्यांना या कामात रस वाटतो, त्यांना दोन वर्षे पुरत नाहीत. इंग्रजी संभाषण सुधारेल या आशेने आलेल्यांची मात्र पहिल्या महिन्यातच निराशा होते. महाराष्ट्रातलेच उदाहरण द्यायचे तर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचे देता येईल. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षे शेजारी नांदल्या, शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये हे मांडले, आणि आज जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाडचे नाव घेतले जाते. असे काही वाचून तुमची उत्सुकता चाळवत असेल, तर भाषाविज्ञान हाच तुमचा विषय आहे आणि नोकरीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागेल. त्याविषयी सावंतवाडीच्या पालकांना खाली उत्तर दिले आहे.

ठिकाणांविषयी थोडक्यात सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि एम. ए. इंग्रजीची सोय जिल्ह्याबाहेर न जाता होऊ शकते. नियमित वर्ग शक्य नसल्यास दूरस्थ पद्धतीने मुंबई विद्यापीठ, इग्नू किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे पर्याय आहेत. देवगडहून गोवा विद्यापीठही फार लांब नाही. भाषाविज्ञानासाठी मात्र घर सोडण्याची तयारी ठेवावी. मुंबईत कालिना संकुलातला विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग, पुण्यात येरवड्याचे डेक्कन कॉलेज आणि हैदराबादेत एफ्लू, म्हणजे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, ही मराठी विद्यार्थ्यांना सोयीची ठिकाणे आहेत. यांपैकी डेक्कन कॉलेजची परंपरा मोठी आहे. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले, १९४८ मध्ये तेथे संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू झाले, आणि अशोक केळकरांसारख्या भाषावैज्ञानिकाने तेथे अध्यापन केले. एफ्लूची सुरुवात १९५८ मध्ये केवळ इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून झाली होती. त्यामुळे इंग्रजीचे अध्यापन आणि भाषाविज्ञान हे दोन्ही विषय एकाच आवारात असण्याचा लाभ तेथे मिळतो. घरच्यांना जवळचे ठिकाण हवे असणे समजण्यासारखे आहे, पण केवळ अंतर मोजून विषय ठरवू नये, हे त्यांना माझ्या नावावर सांगितलेत तरी चालेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एका वर्षाचे आहे. महाराष्ट्रातल्या रचनेत पहिल्या वर्षी संशोधनपद्धती आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण या दोहोंना श्रेयांक असतात. त्या प्रशिक्षणासाठी एखाद्या शाळेत इंग्रजीच्या वर्गावर बसता आले, तर शिकवणे आपल्याला मानवते की नाही हे नोकरी लागण्याआधीच कळेल.

प्रश्न : भाषाविज्ञानाला संस्कृत किंवा गणित आवश्यक असते का? माझे इंग्रजी उच्चार सफाईदार नाहीत. — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : संस्कृत आले तर ऐतिहासिक भाषाविज्ञानात उपयोग होतो, पण प्रवेशाची ती अट नसते. गणितातले संच आणि तर्कशास्त्राची तोंडओळख अर्थविचाराला लागते, आणि ती वर्गातच करून दिली जाते. उच्चार सफाईदार असण्यापेक्षा कान तयार असणे महत्त्वाचे आहे. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘म्हातारपण’ या अर्थाचा ‘जरा’ मोठ्याने म्हणून पाहा. लिपीत एकच दिसणारा ‘ज’ तोंडात दोन जागी उच्चारला जातो हे तुम्हाला जाणवले, तर स्वनविज्ञानाचा पहिला धडा झाला असे समजा. दुसरा धडा इंग्रजीतून घेता येईल. ‘टॉप’ या शब्दातला ‘ट’ इंग्रज माणूस जरासा ‘ठ’ कडे झुकवून म्हणतो आणि ‘स्टॉप’ मधला तसा म्हणत नाही, परंतु हा फरक त्याच्या स्वतःच्या कानाला कळत नाही. मराठी कानाला तो चटकन कळतो, कारण आपल्याकडे ‘टोक’ आणि ‘ठोक’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. बी. ए., बी. एड. आहे. मुलांना व्याकरणाचे नियम पाठ असतात, तरी लिहिताना त्याच त्या चुका होतात. बहुतेक मुलांच्या घरी बोली बोलली जाते, त्याचाही परिणाम होत असावा असे सहकारी म्हणतात. इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर पदविका केल्याने या बाबतीत काही मदत होईल का, की ते केवळ आणखी एक प्रमाणपत्र ठरेल? — एक शिक्षक, दापोली

उत्तर : पदविका चांगली असेल आणि आपण ती मुलांच्या वह्या समोर ठेवून केलीत, तर मदत निश्चित होईल. कशी, ते आपल्याच प्रश्नावरून सांगतो.

मुलांच्या चुकांचे कारण मातृभाषेत शोधण्याची पद्धत जुनी आहे. १९५७ मध्ये रॉबर्ट लाडो यांनी दोन भाषांची तुलना करून अडचणीच्या जागा आधीच ओळखाव्यात असे सुचवले, आणि त्यालाच व्यतिरेकी विश्लेषण म्हणतात. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, पिट कॉर्डर यांनी दृष्टी बदलली. शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याने मनात कोणता नियम बांधला आहे याचा पुरावा आहे, आणि घाईत झालेली चूक व नियमाने होणारी चूक यांत भेद केला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या या अर्ध्यावरच्या भाषेला अंतरभाषा असे नाव दिले. पदविकेच्या अभ्यासक्रमात ही तिन्ही नावे येतात. त्यांचा उपयोग मात्र वह्या तपासतानाच कळतो.

आपल्या वर्गातली मुले ‘आय हॅव कम यस्टर्डे’ असे लिहीत असतील. मराठीत ‘तो कालच आला आहे’ हे निर्दोष वाक्य आहे, आणि इंग्रजीतले पूर्ण वर्तमान मात्र ‘काल’ या शब्दाला जवळ येऊ देत नाही. मुले ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असेही लिहितात, आणि त्यातला ‘आय’ त्यांना बोलणाऱ्या माणसासाठी हवा असतो. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतो’ असे म्हणताना मूळ बोलणे जसेच्या तसे ठेवण्याची मुभा आहे. इंग्रजीत अवतरणचिन्हे नसतील तर पुरुष आणि काळ दोन्ही बदलतात. या दोन चुका मराठीतून आल्या आहेत असे म्हणता येईल, आणि त्या दुरुस्त करण्याचा सरळ मार्ग म्हणजे मराठी वाक्य फळ्यावर शेजारी लिहून दोन भाषा कोठे वेगळ्या होतात ते दाखवणे. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको हा आग्रह येथे नुकसान करतो.

परंतु ‘शी गो टू स्कूल’ ही चूक घ्या. मराठी क्रियापद पुरुष, वचन आणि लिंग या सर्वांप्रमाणे बदलते. ‘ती जाते’ हे बिनचूक बोलणाऱ्या मुलाने इंग्रजीतला एकुलता एक ‘एस’ विसरावा, याचा दोष मराठीला किंवा घरातल्या बोलीला कसा देता येईल? हीच चूक जगभरची, नाना मातृभाषांची मुले करतात, आणि ती ठरावीक टप्प्यावर बराच काळ टिकते, असे १९७० च्या दशकातल्या अनेक अभ्यासांतून दिसून आले. नियम पाठ असूनही तो हातून उतरत नाही, कारण अर्थ कळायला त्या ‘एस’ ची गरज पडत नाही. अशा चुकीला रोज लाल शाई लावण्यात मुलांचा आणि आपला दोघांचाही वेळ जातो. घरी बोली बोलल्यामुळे इंग्रजी बिघडते, या सहकाऱ्यांच्या मताला मला आधार दिसत नाही. घरातले ‘माका’ आणि शाळेतले ‘मला’ यांत दिवसातून दहा वेळा ये-जा करणारे मूल दोन व्यवस्था एकाच वेळी सांभाळत असते, आणि तिसरी भाषा शिकताना ते त्याच्या उपयोगीच पडावे.

नियम पाठ आणि लेखन कच्चे, या तक्रारीवर भारतातच एक मोठा प्रयोग झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत व्याकरणाचा धडा बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवण्याची कामे दिली. नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरवणे असे त्यांचे स्वरूप होते, आणि लक्ष अर्थावर असताना रचना आपोआप रुजते अशी त्यामागची धारणा होती. बंगळूर प्रकल्प या नावाने तो ओळखला जातो. नंतरच्या मूल्यमापनाचे निष्कर्ष सावध होते, आणि आपल्याकडची परीक्षा पाहता सगळे व्याकरण सोडून द्यावे असे मीही म्हणणार नाही. पण दापोली स्थानकातल्या एसटीच्या वेळापत्रकाचे इंग्रजी रूप करून, दुपारच्या आत मंडणगडला पोहोचून संध्याकाळी परत यायचे असेल तर कोणत्या गाड्या धराव्यात, असा प्रश्न आठवीच्या वर्गाला देऊन पाहा. अशा तासानंतर वह्यांत काय बदलते याची नोंद ठेवलीत, तर पदविकेच्या प्रकल्पाचे अर्धे काम तेथेच होईल.

अभ्यासक्रमांपैकी एफ्लूचा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्यापुढची पदव्युत्तर पदविका यांना शिक्षकांत मान आहे. त्यांतला कोणता भाग घरून होतो आणि कोणत्या भागासाठी रजा काढावी लागते, हे चालू वर्षाच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावे. इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम लहान आणि कमी खर्चाचा आहे. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाची चौकशी हल्ली बरेच जण करतात. त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण आणि निरीक्षकासमोर सहा तास प्रत्यक्ष शिकवणे असते, आणि तो सराव उत्तम असतो. परंतु तो परदेशी भाषासंस्थांना समोर ठेवून आखलेला आहे, आणि अनुदानित शाळेत तो बी. एड. ची जागा घेऊ शकत नाही. आपली नोकरी चालू आहे, म्हणून आधी लहान अभ्यासक्रम आणि तो मानवला तर पदविका, हा क्रम मला योग्य वाटतो.

प्रश्न : मी एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी आपल्या किनाऱ्यावरच्या बोलींपैकी एखादी घ्यावी असे मनात आहे. कोर्लईची भाषा जवळची आहे, पण तिच्यावर आधीच काम झाले आहे असे ऐकले. विषय कसा ठरवावा, आणि माणसांशी बोलून सामग्री कशी गोळा करावी? — एक विद्यार्थी, रेवदंडा

उत्तर : काम झाले आहे ही अडचण समजू नका, त्यामुळेच तुमचे काम सोपे होणार आहे. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून निर्माण झालेली एक मिश्रभाषा आजही बोलली जाते, आणि बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज सत्ता गेली, तरी भाषा राहिली. चहूबाजूंच्या मराठीच्या सहवासात तिने क्रियापद वाक्याच्या शेवटी नेले, जे मूळ पोर्तुगीजमध्ये तसे नसते. अमेरिकन भाषावैज्ञानिक क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा तिच्यावरचा सविस्तर ग्रंथ १९९६ मध्ये आला. तेव्हा ‘कोर्लईची भाषा’ हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, परंतु त्या वर्णनानंतर मोठ्या झालेल्या पिढीने काय ठेवले आणि काय सोडले, त्यातही केवळ मराठीतून घेतलेली क्रियापदे ती कशी चालवते, एवढा प्रश्न घेतला तर तो एका वर्षात पुरा होण्यासारखा आहे.

कोर्लई सोडून मराठीच्या बोलींकडे वळलात तर जुनी सामग्री तुलनेला आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी अशा बोलींचे नमुने आहेत, आणि ठिकठिकाणी बायबलमधल्या उधळ्या पुत्राचीच गोष्ट स्थानिक बोलीत उतरवून घेतलेली आहे. पुढे १९६० च्या दशकात अमृत माधव घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणात कुडाळीचे स्वतंत्र वर्णन केले. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचा मोठा प्रकल्प हाती घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून ध्वनिमुद्रणे केली. म्हणजे कुडाळ परिसरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला एकाच बोलीच्या शतकभराच्या अंतरातल्या नोंदी हाताशी मिळतात, आणि अशी सोय फार थोड्या बोलींना आहे. सावधगिरी एवढीच की, १९०५ चे नमुने बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांकरवी लिहून आलेले आहेत, आणि भाषांतराचा वास त्यांना आहे. त्यांतल्या एखाद्या प्रत्ययावर मोठा सिद्धांत उभारू नये.

मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, या वादात लघुप्रबंध खर्ची घालू नका. तो प्रश्न भाषिक सामग्रीपेक्षा अस्मितेने अधिक ठरतो, आणि तो तुमच्याकडून सुटणार नाही. बोलणारे लोक त्याविषयी काय म्हणतात, कोणत्या वयाचे काय म्हणतात, हे मात्र समाजभाषाविज्ञानाचे चांगले संशोधन होईल.

पर्यटन वाढलेल्या गावांतल्या भाषेकडे कोणी लक्ष दिलेले मला फारसे दिसत नाही. भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात बाहेरची माणसे लोंढ्याने येत, घरे विकत घेत, आणि मच्छीमारी करणारे काही रहिवासी मात्र नकळत आपला जुना स्वरोच्चार अधिक ठळक करू लागले होते. ज्यांना बेट सोडून जायचे होते त्यांच्या बोलण्यात तो खुणेसारखा उतरलेला नव्हता. तारकर्ली, हर्णै किंवा नागावला हाच प्रश्न विचारता येतो. पाहुण्यांशी दिवसभर प्रमाण मराठी आणि हिंदी बोलणारा तरुण घरी आल्यावर कोणत्या खुणा जपतो, आणि त्याच गावात होडीवर जाणारा त्याचा भाऊ कोणत्या जपतो?

सामग्री गोळा करण्याची पद्धत पुस्तकात मिळेल, म्हणून येथे पुस्तकात कमी सापडणाऱ्या गोष्टी सांगतो. हातात ध्वनिमुद्रक घेतलेल्या विद्यार्थ्याशी लोक ‘शुद्ध’ मराठी बोलतात. संशोधकाच्या हजेरीनेच भाषा बदलते, ही अडचण लबॉव यांनीही मांडली आहे. तिच्यावर उपाय म्हणजे प्रश्नावली मागे ठेवून गावातल्याच एखाद्या माणसाला गप्पांना बसवणे आणि आपण कडेला राहणे. शब्दांची यादी शेवटी घ्यावी. कोळीवाड्यात काम करायचे तर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ निवडा. जाळी विणत बसलेली माणसे तेव्हा भेटतात आणि बोलायला मोकळी असतात. बागायतदारांकडे एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, आंब्याच्या पेट्या भरण्याच्या गडबडीत तुम्हाला कोणी विचारणार नाही. कातकरी वस्त्यांत दिवाळीनंतर जाल तर अर्धी घरे बंद दिसतील, कारण कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपीथ्री करून आवाज दाबू नका. ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेली प्राट ही मोफत प्रणाली त्याच्या विश्लेषणाला पुरते. ज्याचा आवाज घेतला त्याची संमती आधी घ्यावी, तीही त्याला कळेल अशा भाषेत, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरात द्यावी. एवढे केलेत तर दुसऱ्यांदा गेल्यावर चहा विचारला जाईल आणि काम पुढे जाईल.

प्रश्न : मुलाला भाषाविज्ञान घ्यायचे आहे. शिक्षकी पेशा सोडून त्यात काय मिळते? संगणकाच्या क्षेत्रात मागणी आहे असे तो सांगतो. — एक पालक, सावंतवाडी

उत्तर : तो सांगतो ते खरे आहे, पण अर्धे. मराठीत बोललेले लिहून देणारी किंवा भाषांतर करणारी यंत्रे घडवायची तर भाषेची सामग्री गोळा करून ती खुणा घालून (कोणता शब्द नाम, कोणता क्रियापद अशा) तयार करावी लागते, आणि त्यासाठी भाषा जाणणारी माणसे लागतात. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प, म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, पुण्याचे सी-डॅक, आयआयटी मुंबईचे भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र अशा ठिकाणी हे काम चालते, आणि खासगी कंपन्याही ते करून घेतात. मात्र यांतली पुष्कळ कामे प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. केवळ एम. ए. करून आलेल्याला खुणा घालण्याचे काम मिळते, आणि ज्याने सोबत पायथनसारखी संगणकभाषा व थोडी संख्याशास्त्राची ओळख करून घेतली आहे त्याला रचना ठरवण्याचे. आपल्या मुलाला पहिल्या सत्रापासूनच ही जोड घ्यायला सांगावे.

कोशकार्य, भाषांतर, पाठ्यपुस्तकांचे संपादन हे मार्गही आहेत, आणि तेथे उत्पन्न हळूहळू वाढते. एक गैरसमज दूर करतो. वाचादोषांवर उपचार करणारा तज्ज्ञ होण्यासाठी भाषाविज्ञानाचे एम. ए. चालत नाही, त्यासाठी श्रवण व वाक्-चिकित्सेची स्वतंत्र पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुलाचा ओढा तिकडे असेल तर आताच मार्ग बदलावा, एम. ए. झाल्यावर तो बदलणे महाग पडते.

प्रश्न : एम. ए. इंग्रजी झाले आहे. नेटला भाषाविज्ञानाचा भाग किती असतो, आणि नेट व सेट यांपैकी काय द्यावे? सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. — एक वाचक, गुहागर

उत्तर : नेटच्या इंग्रजी विषयाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. त्यांपैकी एक भाषेच्या मूलभूत संकल्पना, उपपत्ती आणि अध्यापन यांचा, आणि त्यापुढचा भारतातल्या इंग्रजीचा इतिहास व वाटचाल यांचा आहे. साहित्याचे विद्यार्थी हे दोन घटक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. आपण तसे करू नये, कारण येथले प्रश्न साहित्यसिद्धांतापेक्षा आटोपशीर असतात आणि नेमक्या वाचनाने सुटतात. पहिल्या पत्रिकेत ५० आणि दुसऱ्या पत्रिकेत १०० प्रश्न, प्रत्येकाला २ गुण, एकूण ३०० गुण आणि तीन तास अशी नेटची मांडणी आहे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. भाषाविज्ञान हा नेटचा स्वतंत्र विषयही आहे, परंतु आपली पदवी इंग्रजीची असल्याने तो आपल्यासाठी नाही.

दोन्ही परीक्षा द्याव्यात. अभ्यास जवळजवळ एकच आहे, आणि तासिका तत्त्वावरून पूर्णवेळ जागेकडे जाण्यासाठी दोहोंपैकी एक असणे आवश्यक आहे. फरक व्याप्तीचा आहे. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी घेते, म्हणून ती उत्तीर्ण झाल्यावर बांद्याच्या पलीकडे पेडण्याला किंवा पणजीला अर्ज करता येतो. कारवारला करायचा असेल तर मात्र नेट किंवा कर्नाटकची स्वतंत्र सेट लागेल.